आमच्या अंगणातले बडे मियाँ

कासवाला लाड नकोत, जागा हवी. गेली तीन वर्षे एक कासव सांभाळताना मला उमजलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, बाणकोट खाडीच्या काठी. जवळच्या वेळास किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात, हे लहानपणापासून ठाऊक. पण घराच्या अंगणात राहणारे कासव पाहिले ते लग्नानंतर, अमेरिकेत आल्यावर. आम्ही राहतो त्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ‘बॉक्स टर्टल’ नावाचे जंगलातले कासव आढळते. १९७९ पासून तो या राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी आहे. पूर्ण वाढ झाली तरी पालथ्या वाडग्याएवढाच, काळपट पाठीवर पिवळ्या-नारिंगी रेघा. पोटाकडच्या कवचाला बिजागरीसारखा सांधा असतो. भीती वाटली की डोके, पाय, शेपूट आत घेऊन हा प्राणी डबीसारखा घट्ट बंद होतो. म्हणून त्याचे नाव बॉक्स.

शेजारच्या वृद्ध बाईंकडे असे एक कासव तीस वर्षे होते. त्या वृद्धाश्रमात राहायला निघाल्या. तिथे प्राणी चालत नव्हते. त्यांनी आम्हाला विचारले. माझा नऊ वर्षांचा मुलगा आनंदाने उड्या मारू लागला. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “ही अमानत आहे. घ्यायची तर आधी हिशेब करा.”

हिशेब खरोखरच मोठा होता. बॉक्स कासव चाळीस-पन्नास वर्षे सहज जगते, काही त्याहूनही कितीतरी जास्त. म्हणजे मुलाचे केस पांढरे होईपर्यंत ते घरात असू शकते. मुलगा म्हणाला, “मग जंगलातच सोडून देऊ या ना, तिथे तो खूश राहील.” मुलांच्या मनात हे येणारच. पण या कासवाचे सारे आयुष्य दोन-अडीचशे मीटरच्या टापूत जाते. अनोळखी रानात सोडले तर ते आपले जुने ठिकाण शोधत भटकते आणि रस्त्यावर गाड्यांखाली सापडते. शिवाय माणसाच्या घरातले रोग रानातल्या कासवांना लागू शकतात. राज्याच्या वन्यजीव विभागाला विचारून घेतले आणि बडे मियाँ आमच्याकडे आले. हे नाव सासूबाईंनीच ठेवले.

आले तेव्हा डोळे सुजलेले, नखे वाकडी झालेली, चोच वाढलेली. बाईंनी जीव लावला होता, पण गुडघे थकल्यापासून त्यांना अंगणात जाता येत नव्हते, म्हणून कासव काचेच्या पेटीत राहत होते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, “अ जीवनसत्त्व कमी पडले आहे, हवा कोरडी आहे आणि ऊन मिळालेले नाही.” खिडकीतून ऊन येत होते की! पण काच सूर्याचे अतिनील-बी किरण अडवते, आणि त्यांच्याशिवाय कासवाच्या हाडांना व कवचाला कॅल्शियम नीट मिळत नाही. शिवाय काच ही भिंत आहे, हे त्याला कळत नाही. समोर बाहेरचे दिसते म्हणून ते दिवसभर कोपरे ओरबाडत राहते.

मग आम्ही तिघांनी मिळून अंगणात आठ फूट लांब, चार फूट रुंद वाडा बांधला. एका कासवासाठी हे कमीत कमी; जास्त जागा असेल तर उत्तम. फळ्या दीड फूट उंच आणि शिवाय अर्धा-पाऊण फूट जमिनीत पुरलेल्या, कारण ही कासवे चढतातही आणि खणतातही. वरून जाळी, नाहीतर रात्री रॅकून येतात. अर्ध्या वाड्यात सकाळचे ऊन, अर्ध्यात झुडपांची सावली. खाली माती, पालापाचोळा आणि नारळाचा भुसा. ओल धरून ठेवायला इथल्या दुकानात भुशाच्या विटा विकत मिळतात. आपल्या कोकणात सोडणाच्या ढिगाकडे कोणी पाहत नाही, आणि इथे मी त्याच नारळासाठी डॉलर मोजत होते! पाण्यासाठी पसरट भांडे, पाणी हनुवटीच्या वर जाणार नाही इतकेच. त्यात ते बसते आणि घाणही करते, म्हणून पाणी रोज बदलायचे.

खाणे साधारण निम्मे मांसाहारी: गांडुळे, गोगलगाई, किडे. बाकी पालेभाज्या, अळिंबी, बेरी, किसलेले गाजर, लाल भोपळा, रताळे. कॅल्शियमसाठी समुद्रफेण ठेवते. ते कुरतडताना चोचही झिजते. मुलाला दोन नियम घातले: कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे आणि त्याचे भांडे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आणायचे नाही. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे.

पहिल्या हिवाळ्यात प्रकृती नाजूक म्हणून डॉक्टरांनी त्यांना झोपू दिले नाही. घरात ऊबदार दिवा आणि अतिनील दिवा लावून सांभाळले. दुसऱ्या वर्षी परवानगी मिळाली. दोन-तीन आठवडे आधी खाणे बंद केले, पोट रिकामे झाले, आणि नोव्हेंबरमध्ये बडे मियाँ पाचोळ्याखाली मातीत शिरले. चार महिने काही हालचाल नाही. जगले आहेत की नाही, हे खणून पाहायचेही नाही. मुलगा रोज शाळेतून आल्यावर जाळीशी उभा राहायचा आणि मी त्याला खोटा धीर देत नव्हते. मार्चअखेर एक ऊबदार पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी चिखलाने माखलेले डोके बाहेर आले. डोळे लाल आणि स्वच्छ. पाण्याच्या भांड्यात बसून ते कितीतरी वेळ पाणी पीत राहिले. मी फोन केला तेव्हा सासूबाई मिरजेत होत्या. आधी अल्हम्दुलिल्लाह म्हणाल्या, मग विचारले, “खायला काय दिले?”

हे वाचून एखाद्या मुलाने कासवाचा हट्ट धरला, तर एवढे जरूर सांगा: आपल्याकडे बाजारात लपूनछपून विकले जाणारे चांदण्यांचे कासव पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि ‘लकी’ म्हणून वाटीत विकले जाणारे लाल कानपट्टीचे पिल्लू वाढून ताटाएवढे होते, वीस-तीस वर्षे जगते. ते कंटाळून तळ्यात सोडले तर तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास आणि जागा दोन्ही हिरावते. वाटी हे घर नव्हे, आणि तळे ही त्यातून सुटण्याची वाट नव्हे.

आम्ही एक वही केली आहे. त्यात डॉक्टरांचा फोन, दर महिन्याचे वजन, खाण्याची यादी आणि झोपेच्या तारखा आहेत. शेवटच्या पानावर ‘आमच्यानंतर कोण?’ असे लिहून खाली जागा कोरी ठेवली होती. आता बारा वर्षांच्या झालेल्या मुलाने परवा तिथे स्वतःचे नाव लिहिले. खाली कंसात लिहिले आहे: कॉलेजला गेलो तरी सुट्टीत वाडा मीच दुरुस्त करणार.