खोडवा नव्हे, नवी लागण

अर्धापूर,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय दादा,

तुझा मेसेज मिळाला. "बाल्डर्स गेट थ्री घेऊ का? एका ओळीत सांग." एका ओळीत सांगतो: घे. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव, पण लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही. फोनवर सांगावं म्हटलं तर पाच मिनिटांत आपण सोयाबीनच्या भावावर जातो.

मला चार महिने लागले. दिवसा केळीची बाग, रात्री हे. पैकी पहिल्या रात्री तासाभरात चिडून बंद केलं, आणि का चिडलो ते जगात फक्त तुलाच कळेल. लढाई सुरू झाली, माझा अंगठा आपोआप स्पेसबारवर गेला, आणि लक्षात आलं की इथे त्याची गरजच नाही.

2003 ची दिवाळीची सुट्टी आठव. नांदेडला तुमच्या घरी मधल्या खोलीत, मामीच्या शिलाई मशीनशेजारी तुझा कॉम्प्युटर. वजिराबादेतून आणलेल्या दुसऱ्या भागाच्या चार सीड्या, मार्करने नाव लिहिलेल्या, त्यातही स्पेलिंग चुकलेलं. माऊस तुझ्याकडे. तू "थांब!" ओरडलास की स्पेसबार मी दाबायचा. सगळं जागच्या जागी गोठायचं, आपण दोघं वाद घालायचो, कुणी कुणाला मारायचं, मंत्र आता टाकायचा की नंतर, मग तू "सोड" म्हणायचास. लढाई चालत्या वेळात आणि थांबवायची सोय आपल्या हाती, असा तो खेळ होता. एका कॉम्प्युटरवर एकट्याने खेळायचा असूनही आपण तो दोघांनी खेळलो. आता पाळीपाळीने खेळायचं. आधी माझा मोहरा, मग त्यांचा, मग पुन्हा माझा. "थांब" म्हणायला कुणी लागत नाही. म्हणजे माझी नोकरीच गेली.

दुसऱ्या आठवड्यात मात्र मीच गुण गायला लागलो. आमच्याकडे थ्री फेज लाईट रात्रीची येते, तेव्हा मोटार लावायला उठावंच लागतं. मी लढाई अर्धवट टाकून बॅटरी घेऊन शेतात जायचो, पाणी बागेकडे वळवायचो, चिखलाचे पाय धुऊन परत यायचो. गॉब्लिन धनुष्य ताणून तसाच उभा. माझी पाळी आहे म्हणून बिचारा तासभर थांबलेला. नांदेडला तेव्हा आपण सोळा-सतरा वर्षांचे होतो, रात्र आपलीच होती. आज अडतिसाव्या वर्षी मला थांबणारा शत्रूच परवडतो.

नियमांचंही तसंच. जुन्या भागातलं ते थॅको आठवतंय? आकडा जितका कमी तितका लढवय्या भारी, चिलखताचा आकडाही जितका खाली तितकं चिलखत चांगलं. मला काही केल्या शिरेना. मग तू म्हणालास, "सोयाबीन मोंढ्यावर नेल्यावर काय बघतात? ओल. ओल कमी तर भाव जास्त. तसंच हे." झटक्यात कळलं. तो डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचा हिशेब होता. नवा भाग पाचव्या आवृत्तीवर बेतलाय. जास्त म्हणजे चांगलं, कमी म्हणजे वाईट, संपलं. नव्या माणसाला सोपं झालं हे खरं, पण आपण दोघांनी एवढं डोकं खपवून शिकलेली विद्या आता कुणापुढे मिरवायची?

फाशाचं मात्र मला मनापासून आवडलं. जुन्यात फासे आत कुठेतरी पडायचे, आपल्याला नुसता निकाल दिसायचा. यात कुणाची समजूत घालायची असो, थाप मारायची असो, कुलूप उघडायचं असो, वीस बाजूंचा मोठा फासा पडद्यावर गडगडत येतो. एक पडला की गेलंच, तुम्ही कितीही हुशार असा. वीस पडला की जमलंच. आपली आजी कवड्या हातात खुळखुळवून फुंकर मारायची ना, तसा मी माऊसवर फुंकर मारताना सापडलो. बायको दारात उभी होती. दान वाईट पडलं की जुना सेव्ह उघडून पुन्हा टाकता येतं, पण तो रडीचा डाव. मी खेळलो. चारदा. बरं, पाचदा.

आता तक्रारी ऐक. आपली सहा जणांची टोळी असायची, आता चौघंच. बाकीचे तळावर बसून राहतात. सहा जणांत भांडणं व्हायची, एखादा न पटून निघून जायचा, लग्नाला निघालेल्या जीपसारखी गर्दी असायची. चौघांत कामं नीट होतात, पण गडबड कमी होते. त्यात खेळाची अर्धी गोष्ट त्या तळावरच घडते, म्हणजे सारखं मुक्काम करत राहायचं. मी काटकसरी, शिधा साठवून ठेवत गेलो आणि सोबत्यांच्या किती गप्पा हुकल्या ते नंतर कळलं. आणि यात रात्रच होत नाही, दादा! जुन्यात संध्याकाळ व्हायची, दुकानं बंद, रस्त्यावर वेगळी माणसं. यात ज्या भागात दुपार आहे तिथे कायम दुपार. पाऊस न पडता आभाळ नुसतं भरून राहावं, तसं वाटतं मला.

हे सगळं मी पचवलं. जे पचलं नाही ते कळायला आधी अण्णांचं सांगतो.

मागे मृगबाग कापून झाल्यावर अण्णांचं नि माझं वाजलं. त्यांना खोडवा ठेवायचा होता. मी म्हटलं, खोडवा नको, सगळं उपटून टिश्यू कल्चरची ग्रँड नैन लावू, घड एकसारखे येतात, व्यापारी बागेवर येऊन उचलतो. अण्णांचा जीव जुन्या अर्धापुरी केळीत. खोडवा म्हणजे काय, हे तुला पुण्यात राहून विसरायला झालं असेल: आईझाड घड देऊन पडतं, त्याच्या बुडाशी राखलेला मुनवा वाढतो, मुळी तीच. शेवटी माझंच चाललं. केळी छान आली. अण्णांनी एक सोलून खाल्लं, म्हणाले, "गोड आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "पण ही आपली नाही." मी त्यांच्यावर हसलो होतो.

आपला दुसरा भाग हा खरा खोडवा होता. पहिला डिसेंबर 1998 चा, दुसरा सप्टेंबर 2000 चा. कॅनडातल्या एडमंटनची बायोवेअर, जी डॉक्टरकी शिकलेल्या मंडळींनी काढली होती. (हे मामीला तेव्हा कळलं असतं तर तिने तुझ्या मेडिकलची आशाच सोडली असती.) पहिल्या भागातला आपला माणूस तसाच्या तसा दुसऱ्यात आणता यायचा. सोबत्यांतलेही काही तेच. गंमत म्हणजे त्या दुसऱ्या भागात बाल्डर्स गेट नावाचं शहर कुठे दिसतसुद्धा नाही, आपण बहुतेक वेळ अथकॅटला शहरात नि त्याच्या आसपासच्या मुलखात. तरी कुणाला ते खुपलं नाही, कारण मुळी तीच होती.

तिसरा ऑगस्ट 2023 मध्ये आला, जवळजवळ तेवीस वर्षांनी, बेल्जियममधल्या गेंटच्या लॅरियनकडून. जमिनीचा मालक विझर्ड्स ऑफ द कोस्ट, लॅरियनने बटईने केली. बटई झकास केली हे शत्रूही कबूल करेल. ऑक्टोबर 2020 पासून त्याचा पहिला अंक अर्धवट अवस्थेत लोकांच्या हाती दिला, लोक काय म्हणतात ते ऐकत जवळपास तीन वर्षं मशागत केली, आणि 2023 चे झाडून सारे मोठे पुरस्कार नेले. एक पीक काढून 2024 च्या मार्चमध्ये सांगून टाकलं की आता चौथा भाग आम्ही करणार नाही. मालकाला शेत परत. सातबाऱ्यावर गट नंबर तोच, पण लागण नवी, मुळी नवी.

नवी लागण म्हणून बघितलं की माझं भांडणच उरत नाही. डोळ्यातून मेंदूत अळी सोडलेली माणसं, ती काढायची धडपड, सोबत त्या लबाड ॲस्टेरियनसारखे लोक. सगळं नवं आणि अव्वल. जुन्या मुळीची आठवण करून दिली नसती तर मी एक शब्द बोललो नसतो.

पण व्हिकोनिया.

दादा, दुसऱ्या भागात तिला अथकॅटलाच्या चौकात जाळायला बांधलेलं होतं, ती ड्राऊ जमातीची आहे एवढ्याच गुन्ह्यासाठी. तू म्हणालास, "घेऊ नको, पत घसरेल." मी म्हणालो, घेऊच. तुझा माऊस मी पहिल्यांदा हिसकावला तो तेव्हा. मग डिक्शनरी मांडीवर घेऊन तिचं एकेक वाक्य वाचलं. 'बीसीच' म्हणजे विनवणी करणे, 'कॉन्टेम्प्ट' म्हणजे तिरस्कार, हे मला शाळेने शिकवलेलं नाही. किती रात्री गेल्या, तेव्हा 2001 च्या त्या पुरवणी भागात, थ्रोन ऑफ भालमध्ये, ती मऊ झाली. दुष्ट म्हणून आलेली बाई बदलली, आणि ती आपल्या वागण्यामुळे बदलली.

नव्या भागात ती आहे. हाऊस ऑफ ग्रीफ नावाच्या जागी, शार देवीच्या पंथाची तिथली मुख्य बनून. पोरं उचलून आणून, त्यांच्या आठवणी पुसून त्यांना वाढवणारी. शॅडोहार्ट नावाची माझी सोबतीण तिनेच छळलेली. मी संवादाचे सगळे पर्याय दोनदा वाचले. कुठेतरी "मी तो, ज्याने तुला चितेवरून काढलं" असं म्हणता येईल अशी वेडी आशा. कसं येणार? मधे शंभरावर वर्षं गेलीत, मी दुसराच कुणीतरी आहे. लढाई टाळायची एक वाट होती, शॅडोहार्टला तिच्या हवाली करायची. ती कोण घेणार? लढलो. अंधारात, तिच्या दहा-पंधरा माणसांशी. जिंकल्यावर बाहेर पडवीत येऊन बसलो. मोटारीचा आवाज येत होता, तेवढाच.

पहिल्या भागातल्या खलनायकाचं, सारेवोकचंही तेच. आपण त्याला सुधारलं होतं, इथे तो पुन्हा भाल देवाच्या दारात खुनाचे निवाडे करत बसलाय. मी शोधलं तेव्हा कळलं की खेळातल्या त्या जगाच्या अधिकृत इतिहासात त्या गोष्टीचा नायक आपण नव्हतोच. कादंबऱ्यांमधला ॲब्डेल नावाचा कुणी एक होता. म्हणजे तुझ्या मधल्या खोलीतल्या त्या सगळ्या रात्री खात्यावर चढल्याच नाहीत. लागण नवी आहे ना? मग असू दे नवी. जुन्या झाडाची फुली मारलेली खुंटं कशाला दाखवायची?

एवढी आदळआपट केल्यावर आता आपल्या जुन्या सोबतिणीचं, जाहीराचं सांगतो, आणि इथे माझा सगळा युक्तिवाद ढासळतो. ती आहे. अर्धी एल्फ असल्याने जिवंत, केस पांढरे. आपण तिला सोडलं तेव्हा नवरा खालिद मेलेला, त्याचं प्रेत दुसऱ्या भागाच्या सुरुवातीच्या तळघरात सापडलं तेव्हा तू वाचता वाचता गप्प झाला होतास. आता शहरात तिचं घर आहे, पोरं दत्तक घेतलीत, आणि ती पोरं तिच्यावर ओरडतात, कुठे होतीस इतके दिवस म्हणून. ती ऐकून घेते! तेवढ्या एका प्रसंगासाठी मी बाकीचं माफ करेन असं त्या रात्री वाटलं. सकाळी वाटलं, नाही करणार. अजून तसंच आहे, रात्री एक आणि सकाळी एक.

फक्त आवाज. जुन्यात ती एखाद-दुसरं वाक्य बोलायची, बाकी सगळं वाचायचं, आणि ते तू मोठ्याने वाचायचास. जाहीरा सगळ्यांना दटावते म्हणून तिचं बोलणं मामीच्या आवाजात. "दिवसभर त्या डब्यापुढं बसून डोळे जातील, कामून ऐकत नाहीस?" असं तू तिच्या संवादात मधेच घालायचास आणि खरी मामी स्वयंपाकघरातून "काय म्हणालास रे?" विचारायची. यात एकूण एक वाक्य बोललेलं आहे, चेहरा जवळून, भुवई हललेली कळते. नटीने काम सुरेख केलंय. पण मला वीस वर्षं ती नांदेडचं बोलत आलीय, त्याला मी काय करू?

तर घे. 2,999 रुपये आहे, सेलमध्ये कमी होतो. 150 जीबी जागा रिकामी कर, आणि एसएसडीवरच टाक. मी आधी हार्ड डिस्कवर टाकून पस्तावलोय. पण पुण्यात एकट्याने सुरू करू नको. संक्रांतीला येणार आहेस ना, मामीलाही आण, तिचा गुडघा इथल्या वैद्याला एकदा दाखवू. येताना दोन कंट्रोलर घेऊन ये, पडदा मधोमध दुभंगून दोघांना एका वेळी खेळता येतं. जाहीरा तिसऱ्या अंकापर्यंत आपल्यात येईल तेव्हा सेटिंगमधून आवाजाची पट्टी शून्यावर नेतो. खालची अक्षरं भराभर जातात, चष्मा आण. वाचायचं तू.

तुझा,
धाकटा