ज्याला शिव्या, तोच हवा

खान्देशाचा म्हणून कुठल्याही मोठ्या लीगमध्ये संघ नाही. प्रो कबड्डीत पुणेरी पलटण आहे, यू मुम्बा आहे, आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स आहे. पण जळगाव किंवा धुळ्याचं नाव छातीवर घेऊन कुणी उतरत नाही. त्यामुळे इथला प्रेक्षक सोयरीक जुळवावी तसा संघ जुळवतो. पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला की घर पलटणीचं होतं. भुसावळला रेल्वेत नोकरी आणि अर्धे नातेवाईक कल्याण-ठाण्याला, म्हणजे यू मुम्बा. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे एकाच गल्लीत पुणे, मुंबई आणि गुजरात जायंट्स अशा तिघांचे समर्थक सापडले तर नवल नाही.

या प्रेक्षकाचा एक खास नावडता खेळाडू असतो. तो समोरच्या संघात असतो. टीव्हीवर तो दिसला की “माजलाय नुसता”पासून सुरुवात होते आणि पुढचे शब्द छापता येत नाहीत. मग तो आपल्या चढाईपटूला घोट्यातून असा उचलतो की खोलीत क्षणभर शांतता पसरते, आणि मघाशी सगळ्यात मोठ्यानं ओरडणाराच आवाज खाली आणून अहिराणीत म्हणतो, “हाऊ आपलाकडे जोयजे व्हता.” म्हणजे, हा आपल्याकडे हवा होता.

ही इच्छा पुणेरी पलटणीच्या चाहत्यांच्या बाबतीत अगदी अक्षरशः पुरी झाली.

मोहम्मदरेझा शादलुई हा इराणचा डावा कोपरारक्षक. आठव्या हंगामात तो पाटणा पायरेट्सकडून प्रो कबड्डीत आला आणि पहिल्याच हंगामात पकडीचे ८९ गुण घेऊन सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढच्या हंगामात दबंग दिल्लीविरुद्ध त्यानं एकाच सामन्यात पकडीचे १६ गुण घेतले. कोपरारक्षकानं वाट पाहायची, चढाईपटू बोनसला पाय टाकतो किंवा परतायला वळतो तेव्हा घोटा धरायचा, ही शहाण्या बचावाची रीत. शादलुईला तेवढा धीर नसतो. समोरचा अजून मैदानाचा अंदाज घेत असतानाच तो पुढे झेपावतो. फसला तर एक गुण फुकट जातो. जमलं तर चढाईपटू पुढच्या वेळी निम्माच आत येतो. आणि पकड झाल्यावर तो गप्प उठून जागेवर जात नाही. मांडी ठोकतो, ओरडतो, प्रेक्षकांकडे पाहतो. शड्डू ठोकणं आपल्याला नवं नाही, मात्र दुसऱ्यानं आपल्या दारात येऊन ठोकलेला शड्डू कुणालाही सहन होत नाही.

त्यात भर पडली हांगझोऊची. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण समोरासमोर होते. शेवटच्या मिनिटांत २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद पेटला आणि सामना जवळपास तासभर थांबला. खेळाडू मॅटवरच बसून राहिले. अखेर भारतानं ३३-२९ असं सुवर्ण घेतलं. २०१८ मध्ये जकार्तात याच इराणनं उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं हरवलं होतं, ती जखमही अजून ओली होती. हांगझोऊच्या भारतीय संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे ही महाराष्ट्राची, पलटणीचीच दोन पोरं होती. समोर इराणच्या बचावात शादलुई.

दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणीनं शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तोवर एवढी बोली कुठल्याच परदेशी खेळाडूला लागली नव्हती.

मग अस्लमच्या नेतृत्वाखाली तोच शादलुई खेळला. पकडीचे ९९ गुण घेऊन पुन्हा सर्वोत्तम बचावपटू झाला. उपांत्य सामन्यात पलटणीनं त्याच्या जुन्या संघाला, पाटण्याला, ३७-२१ असं लोळवलं आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून पुण्यानं पहिल्यांदा करंडक उचलला. मांडी ठोकणं तेच, आरडाओरडाही तोच. फक्त आता त्याला माज म्हणत नव्हते, जिगर म्हणत होते.

हा निव्वळ ढोंगीपणा आहे असं म्हणून विषय संपवता येईल, पण त्यात पूर्ण सत्य नाही. कच्च्या खेळाडूचा कुणी राग करत नाही. त्याची कीव करतात किंवा त्याला विसरून जातात. राग फक्त त्याचा येतो जो आपल्याला नडू शकतो. शिवाय राग असला की नजर हटत नाही. पलटणीच्या चाहत्याला आपल्या राखीव खेळाडूंची नावं धड सांगता येत नव्हती, पण शादलुई कुठल्या पायावर भार देऊन झेपावतो हे पाठ होतं. कौतुकानं इतकं बारीक पाहणं क्वचितच होतं. खान्देशातल्या यात्रांच्या दंगलींमध्येही हेच चालतं. बाहेरगावच्या पैलवानानं गावच्या पोराला चितपट केलं की फडात हुर्यो होते, आणि पुढच्या वर्षी जोड लावताना पंच आधी त्याचंच नाव विचारतात.

क्रिकेटमध्ये याचं सगळ्यात अवघड उदाहरण मुंबई इंडियन्सनं घालून दिलं. जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत हरभजन सिंग आणि अँड्र्यू सायमंड्स यांच्यात जे घडलं त्यावरून हरभजनवर वर्णद्वेषाचा आरोप, तीन कसोटींची बंदी आणि अपिलात ती मागे घेतली जाणं असं रामायण झालं. त्या काळात भारतातल्या प्रेक्षकांना सायमंड्सचं नाव काढलेलंही चालत नव्हतं. २०११ च्या लिलावात मुंबईनं त्याला साडेआठ लाख डॉलरना घेतलं आणि तो हरभजनच्याच ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसला. जळगावात ज्या घरांत तीन वर्षांपूर्वी त्याच्या नावानं बोटं मोडली होती, तिथे आता मुंबईच्या निळ्या जर्सीत तो फलंदाजीला आला की लोक सरसावून बसू लागले.

मात्र हे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. हार्दिक पंड्या तर मुंबईचाच. गुजरात टायटन्सचा कर्णधार म्हणून त्यानं २०२२ ची आयपीएल जिंकली, पुढच्या वर्षी अंतिम फेरी गाठली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईनं त्याला परत आणलं आणि पुढच्या महिन्यात रोहित शर्माच्या जागी कर्णधार केलं. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी एवढी हुर्यो झाली की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. तीन महिन्यांनी, ४ जुलैला, टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या त्याच हार्दिकच्या नावाचा त्याच मैदानात गजर झाला. परका शत्रू आपल्यात आला तर लोक हसून घेतात, सोडून गेलेला आपला माणूस परत आला की आधी हिशेब मागतात. त्यातही तो दुसऱ्या कुणाच्या खुर्चीवर येऊन बसला असेल तर हिशेब जास्तच लांबतो.

परका शत्रू आपला होणं आइस हॉकीतही जसंच्या तसं घडलं आहे. बोस्टन ब्रुइन्सचा ब्रॅड मार्शंड हा प्रतिस्पर्ध्यांना डिवचण्यासाठी इतका कुप्रसिद्ध होता की २०१८ मध्ये त्यानं चक्क समोरच्या खेळाडूंचे चेहरे चाटले होते. फ्लोरिडा पँथर्सनं २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षं बोस्टनला प्लेऑफमध्ये बाहेर काढलं, तेव्हा तो त्यांच्या डोक्यात गेलेला माणूस होता. मार्च २०२५ मध्ये त्याच फ्लोरिडानं त्याला घेतलं आणि जूनमध्ये त्याला सोबत घेऊन स्टॅनले कप जिंकला.

कुस्तीत ही सोय नाही, तिथे जिल्हा चिकटलेला असतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीनं २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. त्यातली तिसरी त्यानं पुण्यातच, वारज्याला, पुण्याच्या अभिजित कटकेला हरवून घेतली. त्या दिवशी जळगाव जिल्ह्यातल्या पलटणवाल्यांना आपण कुणाच्या बाजूनं आहोत हे विचारावं लागलं नाही. जर्सी आणि माती यांत निवड करायची वेळ आली की कौल मातीला जातो. बाकी वर्षभर मात्र जर्सी चालते.

आणि जर्सी बदलत राहते, तीही फार वेगानं. पूर्वी “हा आपल्याकडे हवा होता” हे चहासोबत बोलून टाकायचं वाक्य होतं, त्याचं पुढे काही होत नसे. लिलावानं ते खरं होऊ लागलं, पण मिळालेला खेळाडू टिकेलच याची हमी कुणी देत नाही. पलटणीला करंडक मिळवून दिल्यानंतर काही महिन्यांतच शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, म्हणजे ज्यांना हरवून पुणं जिंकलं त्यांच्याकडेच. २९ डिसेंबर २०२४ रोजी त्यानं हरियाणाला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, तेही पुण्यात, बालेवाडीत. २०२५ मध्ये २ कोटी २३ लाखांना तो गुजरात जायंट्सचा झाला.

त्याच्याआधीचा इराणी सेनापती फझल अत्राचली याचंही हेच. यू मुम्बाचा कर्णधार म्हणून त्यानं पुण्याला वर्षानुवर्षं छळलं, नवव्या हंगामात १ कोटी ३८ लाखांना तो पुण्याचा कर्णधार होऊन पलटणीला पहिल्यांदा अंतिम फेरीत घेऊन गेला, आणि नंतर पुन्हा दुसरीकडे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. दबंग दिल्लीनं पुणेरी पलटणीला ३१-२८ असं हरवलं, आणि दिल्लीच्या कोपऱ्यात फझल उभा होता. धुळ्या-जळगावच्या पलटणवाल्यांची पंचाईत अशी झाली की त्याला शिव्या द्याव्यात तर तो आपला होऊन गेलेला, आणि टाळ्या वाजवाव्यात तर करंडक गेलेला.