रामटेकची वाट आणि आंसाचें वंगण

नागपुराहून रामटेकास जाणारी वाट तशी अपूर्व नव्हे. कडबी चौक, मोतीबाग, कामठी, कन्हान, मनसर आणि तेथून उजवीकडे वळलें कीं रामगिरि, असा हा सुमारें ५० किलोमीटरांचा प्रवास आहे. मोटारीनें निघालेला मनुष्य दीड तासांत गडाच्या पायथ्याशीं पोहोंचतो. गेल्या कार्तिकांत मात्र हीच वाट आम्हांस सारा दिवस पुरली. त्या दिवशीं जें पाहावयास मिळालें तें, ज्यांच्या घरीं जुनें वाहन आहे अशा वाचकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून लिहितों.

आमच्या पुतण्यानें एक फार जुनी मोठी मोटार विकत घेऊन तिचें फिरतें घर केलें आहे. आंत दोन पलंग, शेगडी, गॅसची टाकी, कपाट, शंभर लिटर पाण्याची टांकी आणि एक लहानसें देवघरहि आहे. घरांतलीं मुलें तिला घरगाडी म्हणतात. आमच्या थोरल्या वहिनींचें वय ८१. गुडघ्यांमुळें बसगाडीचा प्रवास त्यांस अशक्य झालेला, पण त्रिपुरी पौर्णिमेस रामटेकच्या गडावरचा त्रिपूर पुन्हां एकदां पाहावा ही त्यांची इच्छा. घरगाडी आली आणि तो योग जुळला.

अशा गाडीचा एक विशेष सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. साधी मोटार रिकामी उभी राहते. घरगाडी भरलेलीच उभी राहते. केवळ पाण्याचेंच ओझें शंभर किलो. तें दोन-दोन महिने चाकांतल्या त्याच चार रोलरांवर बसून असतें. पावसाळ्यांत आंत ओल धरते आणि वंगणांतलें तेल निथळून वेगळें होतें. मग एके दिवशीं कुटुंबाच्या कुटुंब आंत बसवून आपण तिला एकदम महामार्गावर धांवावयास सांगतों. जुन्या घराचें छप्पर आपण मृगापूर्वीं शाकारतों. तुंब्याची आठवण मात्र चाक ओरडल्यावर होते.

मोतीबागेस आम्ही मुद्दाम थांबलों. २००२ सालच्या डिसेंबरांत येथें अरुंद रेल्वेचें संग्रहालय उघडलें. अडीच फुटी रुळांवरून या मुलखांत किती पिढ्या हिंडल्या! १९०८ मध्यें सुरू झालेला नागपूर-नागभीड मार्गहि त्याच मापाचा; त्याच्यावरील अरुंद गाड्या २०१९ मध्यें थांबल्या. मुलें इंजिनापाशीं धांवलीं. मी एका डब्याच्या चाकापाशीं वांकलों. जुन्या पद्धतीच्या डब्यांत आंसाच्या टोंकावर लोखंडी पेटी असते. तिच्यांत पितळेचा तुकडा, त्याला आंतून पांढऱ्या मऊ धातूचें अस्तर, आणि खालीं तेलांत भिजलेले सुताचे बोळे. बोळे सुकले कीं आंस तापतो, अस्तर वितळतें आणि पेटींतून धूर निघूं लागतो. म्हणून मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली कीं एक मनुष्य हातोडीनें चाकें वाजवीत जाई आणि प्रत्येक पेटीवर उलटा हात ठेवून पाही. प्रवासी चहा पीत असत, आणि त्यांचें कुशल त्या हातावर अवलंबून असे.

आंस तापतो ही गोष्ट आपल्याकडे किती जुनी आहे पाहा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत दीर्घतम्याचें जें १६४ वें सूक्त आहे, त्यांत कालचक्राचें वर्णन करतांना ऋषि म्हणतो कीं एवढा भार असूनहि त्याचा अक्ष तापत नाहीं आणि त्याची नाभि झिजत नाहीं. हें आश्चर्य त्यालाच वाटेल ज्यानें तापलेला आंस स्वतः पाहिला आहे.

आतांच्या मोटारींत पांढऱ्या धातूच्या जागीं रोलर आले. १८९८ मध्यें अमेरिकेंत टिमकेन नांवाच्या बग्गी बनविणाऱ्या कारागिरानें निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. त्याची युक्ति अशी: रोलर एका टोंकाकडे निमुळते असल्यामुळें वरचें ओझें तर पेलतेंच, पण वळणावर चाकास बाजूनें बसणारा रेटाहि पेलला जातो. आमच्या गाडीसारख्या, मागच्या चाकांनीं चालणाऱ्या जुन्या मोटारींत पुढच्या प्रत्येक चाकांत अशीं दोन बेअरिंगें असतात, आंतलें मोठें आणि बाहेरचें लहान. हाताने जेवढें ग्रीस भरावें तेवढेंच त्यांचें अन्न. वरून कोठून तेल येत नाहीं.

कामठीस पुतण्या खालीं उतरला आणि दोन्ही पुढच्या तुंब्यांवर त्यानें हात ठेवला. उजवा कोमट होता. डाव्यावर हात ठेववेना. ब्रेक धरून राहिला तरी चाक तापतें हें खरें. परंतु रस्ता मोकळा होता, ब्रेक फारसा लागलाच नव्हता, आणि ऊष्णता थेट तुंब्याच्या टोपणापाशीं होती. जवळच एका मिस्त्रींचें दुकान होतें. त्यांनीं चाक उचलून, वरून व खालून धरून हलविलें तों खडखडलें. हातानें फिरविलें तर जात्यासारखी घरघर.

पुतण्या म्हणाला, "काका, तीस-पस्तीस किलोमीटरच राहिले. हळूहळू नेतों."

मिस्त्रींनीं मान हलविली. "गुरुजी, बेअरिंग फुटली तर चाक दांड्यावर राहीलच असें नाहीं. नेऊं नका."

कोणी कांहीं बोलेना. सर्वांचे डोळे वहिनींकडे गेले. त्या खिडकींतून म्हणाल्या, "भावजी, त्रिपूर दरवर्षीं पेटतो. आपण सगळीं एकाच गाडींत बसलीं आहों." आणि त्यांनीं शेगडीवर भात चढविला.

टोपण काढल्यावर दिसलें कीं नट जागीं ठेवणाऱ्या दुहेरी पिनेऐवजीं एक तार गुंडाळली होती, आणि तीहि अर्धी तुटलेली. गाडी आमच्याकडे येण्यापूर्वीं कोण्या कारखान्यांत तें काम झालें होतें. नट फिरून सैल झाला, चाक डुलूं लागलें, मागचें सील फाटलें, धूळपाणी आंत शिरलें. ग्रीस काळें पडून त्यांत लोखंडाची कचकच लागत होती. बाहेरचे रोलर निळे पडले होते. पोलाद निळें पडलें म्हणजे त्याचें पाणी उतरलें. तें धुवून पुन्हां घालणें व्यर्थ. मिस्त्रींनीं प्रथम दांडा पुसून उजेडांत निरखला. "हा निळा पडता तर गाडी उचलूनच न्यावी लागती," ते म्हणाले. दांडा शाबूत होता.

कड्यावर कोरलेला अंक टिपून पुतण्या मिस्त्रींच्या दुचाकीवर नागपुरास गेला. गाडी कितीहि जुनी असो, बेअरिंग त्या अंकावर मिळते. ही मोठीच सोय आहे. रोलर आणि त्याचें बाहेरचें कडें जोडीनेंच बदलावें. नव्या रोलराला जुनें कडें म्हणजे नव्या सुनेला जुनी भांडणें.

तो परत येईपर्यंत मी चरकाचा विचार करीत बसलों होतों. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत अग्निवेश विचारतो कीं आयुष्य ठरलेलें असतें तर अकाली मरण कसें येतें. आत्रेय त्याला गाडीच्या आंसाचा दृष्टांत देतात. चांगला आंस रीतीनें वापरला तर आपला काळ भरूनच झिजतो. पण अति भार, खडबडीत वाट, आडवाट, हांकणाऱ्याचा व ओढणाऱ्याचा दोष, खीळ निघणें, वंगण नसणें, यांनीं तो मध्येंच मोडतो. आमच्या डाव्या चाकाचें निदान याहून निराळें तें काय! खीळ आणि वंगण, दोन्ही त्या यादींत आहेत. थकलेल्या गुडघ्यांनीं आंत भात निवडून खाणाऱ्या वहिनींकडे पाहून तो अध्याय मला जरा अधिकच जवळचा वाटला.

मिस्त्रींचें काम पाहण्यासारखें होतें. तुंबा रॉकेलनें धुवून अगदीं कोरडा केला. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची कड त्यांत दाबीत गेले, रोलरांच्या फटींतून तें दुसऱ्या बाजूस वर येईपर्यंत. वरवर चोपडलेलें ग्रीस आंत पोहोंचत नाहीं. जुन्यांत नवें मिसळूं नये आणि तुंबा गच्च भरूंहि नये, नाहींतर तेंच ग्रीस तापतें. सील नवें. मग चाक फिरवीत नट आवळला, म्हणजे रोलर आपापल्या जागीं बसतात. आणि लगेच सोडवून बोटांनीं लागेल इतकाच बसविला. किंचित् ढिलाई हवीच, कारण तापल्यावर लोखंड वाढतें. ती किती, हें त्या त्या गाडीच्या पुस्तकांत असतें. घट्ट आवळण्याचा हव्यास सैलपणाहून घातक, हें मिस्त्रींनीं दोनदां बजावलें. शेवटीं नवी पिन. उजवें चाकहि उघडविलें. तेथेंहि तारच निघाली.

निघालों तेव्हां उन्हें कललीं होतीं. कन्हानचा पूल ओलांडला. मनसरला दिवेलागण झाली. येथील टेकडीच्या उत्खननांत वाकाटकांच्या काळचे अवशेष निघाले. त्यांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असें अनेक विद्वान मानतात. अंधारांत कांहींच दिसत नव्हतें. गाडी थांबतांच मी डाव्या तुंब्यावर हात ठेवला. तेवढ्यांत वहिनी नातवाचा खांदा धरून पायरीवरून उतरल्या, वांकून त्यांनीं स्वतःचा हात तेथें लावला आणि म्हणाल्या, "कोमट आहे. आतां मला त्या बाजूला न्या, उजवें पाहूं."

रात्रीं गडाच्या पायथ्याशीं गाडीच्या दारांत त्यांची खुर्ची मांडली. वर ज्योत दिसली तेव्हां त्यांनीं हात जोडले. बोटांना ग्रीस लागलेलें तसेंच होतें.