जामीनदाराची गाडी

वाचकहो, काशीच्या मुन्शी घाटावरील एका पायरीवर बसून मी हे लिहीत आहे. गेल्या आठवड्यात माझ्या पुतण्याच्या मुलीचे म्युनिकहून पत्र आले. ती लिहिते : ‘आजोबा, तुम्ही तरुणपणी लंडनहून मोटारीने काशीला आला होतात ना? मीही इथे एखादी जुनी गाडी विकत घेऊन तसेच यावे म्हणते. जुनी गाडी कशी पारखावी, एवढे मला सविस्तर लिहा.’

पत्र वाचून मला आनंद झाला. पण तिने प्रश्न अर्धाच विचारला आहे. उरलेला अर्धा प्रश्न मलाही त्या वेळी सुचला नव्हता. तो मला या घाटावर कळला, म्हणून तिला द्यावयाचे उत्तर तुमच्यापुढेही मांडतो.

प्रथम या जागेविषयी दोन शब्द. दशाश्वमेधाच्या दक्षिणेस अहल्याबाई घाट ओलांडला की मुन्शी घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो १८१२ च्या सुमारास बांधविला. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या राजाने ही वास्तू विकत घेतली आणि तेव्हापासून लगतच्या भागास दरभंगा घाट हे नाव पडले. आमचे घराणे नागपूरचे. त्यामुळे माझी विधवा आत्या जेव्हा काशीवासासाठी येथे आली, तेव्हा तिने घाटावरच्या गल्लीतच घर घेतले. ‘आपल्या गावच्या माणसाने बांधलेला घाट आहे, परका कसा वाटेल?’ असे ती म्हणे. देह काशीतच ठेवायचा, एवढी एकच इच्छा घेऊन ती आली होती.

१९७७ साली मी इंग्लंडमध्ये होतो. एक नोकरी सुटली होती व दुसरी पुढच्या मे महिन्यात सुरू व्हावयाची होती. मी, माझा एक बंगाली सहकारी आणि एक इंग्रज मित्र अशा तिघांनी भूमार्गाने हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले. त्या काळी ही काही अपूर्व गोष्ट नव्हती. १९५७ मध्येच लंडनहून कलकत्त्यापर्यंत प्रवासी बस धावली होती, आणि पुढील वीस वर्षांत हजारो तरुण त्या वाटेने आले. लंडनमध्ये ऑस्ट्रेलिया हाउसच्या आसपासच्या रस्त्यांवर अशा प्रवाशांच्या जुन्या गाड्यांचा बाजारच भरे. प्रवासाहून परतलेला तरुण काचेवर किमतीची चिठ्ठी लावून उभा असे आणि निघू पाहणारा तरुण तीच गाडी विकत घेई.

तेथे आम्ही दहा वर्षे वापरलेली एक फोक्सवागन व्हॅन पाहिली. किंमत ३५० पौंड. या गाडीचे इंजिन मागील बाजूस असे आणि ते पाण्याने नव्हे, तर हवेने थंड होई. त्यामुळे वाळवंटात रेडिएटर उकळण्याची धास्ती नव्हती. आम्ही गाडीखाली शिरून स्क्रू-ड्रायव्हरने तळाचा पत्रा ठोकून पाहिला, कारण जुन्या गाडीचा खरा शत्रू गंज. तेलाची गळती पाहिली, स्टिअरिंगचे चाक किती सैल फिरते ते पाहिले, सक्तीच्या वार्षिक तपासणीचा दाखला वाचला. सारे ठीक होते. पैसे देण्यासाठी हात खिशात जाणार, तोच मला माझ्या घरमालकांचे शब्द आठवले.

हे घरमालक म्हणजे एक वयस्क मराठी डॉक्टर. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत असे. त्यांनी सांगितले होते, ‘इंजिनावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून पाहा.’ मी पाहिला तो जुळेना! पूर्वीच्या मालकाने इंजिन बदलले होते. पण नोंद बदलली नव्हती. विकणारा हसून म्हणाला, ‘त्याला कोण विचारतो?’ आम्ही मात्र नोंद दुरुस्त होऊन येईपर्यंत पैसे दिले नाहीत. त्यात आमचे पंधरा दिवस गेले.

नंबराचे एवढे महत्त्व का? कारण गाडीबरोबर एक पुस्तिका न्यावी लागते. तिला कार्नेट म्हणतात. गाडी परदेशात तात्पुरती नेली जात आहे, तेथे ती विकली जाणार नाही, याची ती हमी असते. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक भाग जकात अधिकारी ठेवून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा भाग दोन्ही शिक्क्यांसह पुस्तिकेतच राहतो. गाडीचा सांगाडा-क्रमांक व इंजिन-क्रमांक तीत लिहिलेले असतात. गाडी आत आली आणि बाहेर गेलीच नाही, तर त्या देशाची जकात कोणी तरी भरावी लागते. म्हणून ही पुस्तिका देणारी मोटार-संस्था आधीच भक्कम हमी मागते. हिंदुस्थानची जकात जबर. त्यामुळे ३५० पौंडांच्या गाडीसाठी माझ्याकडे १००० पौंडांची हमी मागण्यात आली. तेवढे पैसे मजजवळ कोठून असणार?

डॉक्टरांनी स्वतःच्या ठेवीवर सही केली. धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले ते पैसे होते. मी आभार मानू लागलो, तेव्हा ते म्हणाले, ‘हे बघ, मी गाडीला जामीन राहिलेलो नाही. तुला राहिलो आहे.’

सप्टेंबरअखेर आम्ही निघालो. लंडन ते काशी हे अंतर सुमारे ११ हजार किलोमीटर. युरोप ओलांडून इस्तंबूलला १९७३ मध्ये झालेल्या बॉस्फरसच्या पुलावरून आम्ही आशियात शिरलो. इराणच्या बाझरगान नाक्यावर अधिकाऱ्याने विजेरी घेऊन इंजिनावरचा एकेक अंक पुस्तिकेशी ताडून पाहिला. आमच्या पुढची गाडी नंबर न जुळल्यामुळे परत पाठविली गेली होती. त्या वेळी आमचे लंडनमधील पंधरा दिवस सार्थकी लागले. हेरात ते कंदाहार हा रशियनांनी बांधलेला काँक्रीटचा रस्ता, कंदाहार ते काबूल हा अमेरिकनांनी केलेला डांबरी रस्ता. दोन्हींवर आमची म्हातारी व्हॅन निमूटपणे चालली. वाटेत पंख्याचा पट्टा एकदा तुटला. जवळचा दुसरा घालून अर्ध्या तासात पुढे निघालो. तोरखमला पाकिस्तानात पाऊल टाकताच वाहतूक डाव्या हाताने होऊ लागली आणि घर जवळ आल्यासारखे वाटले. पेशावरपासून काशीपर्यंतचा ग्रँड ट्रंक रोड हा एकच रस्ता आहे, सीमा काय त्या मागाहून आल्या.

कार्तिकी पौर्णिमेच्या थोडे आधी आम्ही काशीस पोहोचलो. बंगाली मित्र रेल्वेने कलकत्त्यास गेला, इंग्रज मित्र देश पाहण्यास निघाला. गल्लीत गाडी शिरणे अशक्य, म्हणून ती छावणी भागातील एका ओळखीच्या आवारात ठेवून मी चालत आत्याकडे गेलो. तिचे घर पाहून मात्र मन खिन्न झाले. नदीकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली होती. गवंड्याने आठ हजार रुपये खर्च सांगितला होता. तेवढे पैसे ना तिच्याजवळ होते, ना माझ्याजवळ.

तेवढ्यात एक गृहस्थ मला शोधत आले. त्या काळी आपल्या देशात परदेशी गाडी आणणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे तिची हौस मोठी. त्यांनी व्हॅनचे ३० हजार रुपये देऊ केले. ‘कागदांची काळजी करू नका. गाडी चोरीस गेली म्हणून तक्रार द्या. पुढचे आम्ही पाहू,’ असे ते म्हणाले.

वाचकहो, मी त्यांना तत्काळ नाही म्हटले असे सांगता आले असते तर बरे झाले असते. मी दोन दिवसांची मुदत मागितली. पौंड त्या वेळी १५ रुपयांच्या आसपास होता. मी हिशेब मांडला : भिंतीचे आठ हजार, हमी बुडाली तर पंधरा हजार, तरी सात हजार उरतात. परंतु चोरून मिळविलेले रुपये पौंड करून लंडनला धाडण्याचा राजमार्ग नव्हता. म्हणजे भिंत येथे उभी राहणार आणि तिची किंमत तेथे डॉक्टरांच्या मुलीच्या ठेवीतून जाणार. मी फेडीन असे स्वतःला बजावत होतो. पण किती वर्षांत, ते सांगू शकत नव्हतो.

रात्री आत्याला सारे सांगितले. ती सुपारी कातरत होती.

‘हे डॉक्टर कोण रे तुझे?’

‘घरमालक.’

‘सोयरे आहेत का आपले?’

‘नाही, आत्या.’

‘मग त्यांनी सही का केली?’

मला उत्तर देता आले नाही. तिनेही पुढे काही विचारले नाही. उठून देवापुढचा दिवा सारखा केला आणि निजायला गेली. दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना नकार कळविला. भारतात अशी गाडी सहा महिने ठेवता येते. आम्ही मार्च १९७८ मध्ये, मुदतीच्या आतच निघालो. सीमेवर अधिकाऱ्याने पुस्तिकेतला बाहेर जाण्याचा भाग फाडून घेतला आणि शिक्का मारला. तो शिक्क्याचा आवाज मला अजून आठवतो.

आम्ही काबूल सोडले आणि महिनाभरात तेथे राज्यक्रांती झाली. १९७९ च्या आरंभी इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या, आणि ती वाट मिटली. लंडनला पोहोचून व्हॅन १२० पौंडांना विकली. पूर्ण शिक्के असलेली पुस्तिका परत केली तेव्हा डॉक्टरांची ठेव मोकळी झाली. मे महिन्यात नोकरी लागली. जुलैपासून आत्याला पैसे पाठवू लागलो. पावसाळा संपताच काम सुरू करावयाचे ठरले होते.

सप्टेंबर १९७८ मध्ये गंगेला महापूर आला. काशीची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले. त्याहून उंच पाण्याची नोंद आजवर नाही. पूर ओसरताना ती भिंत कोसळली. आत्या शेजाऱ्यांकडे गेली होती म्हणून वाचली. पण ते घर राहण्याजोगे उरले नाही. आम्ही तिला नागपूरला आणले. पाच वर्षांनी तेथेच ती गेली. काशीत देह ठेवण्याची तिची इच्छा अपुरी राहिली. तिने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र दरवर्षी कार्तिकात येथे येतो, या पायरीवर बसतो आणि तो हिशेब पुन्हा मांडतो. तो सुटत नाही. तरी पुन्हा तोच प्रसंग आला, तर मी गाडी घेऊन पुन्हा सीमेकडेच जाईन, हेही मला ठाऊक आहे.

आता पुतण्याच्या मुलीला काय लिहावे? जमाना बदलला, तरी या प्रवासाची पद्धत फार बदललेली नाही. कार्नेट आजही लागते आणि हमीही. २०१६ मध्ये भारुलता कांबळे या एकट्या मोटार चालवीत इंग्लंडहून निघाल्या, ३२ देश ओलांडून म्यानमारमार्गे मणिपुरात शिरल्या आणि सासरी महाडला पोहोचल्या. पण २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता घेतली आणि ती वाट अवघड झाली. एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकी बंद करण्यात आली. चीनमधून जावयाचे, तर आधी परवाने काढून तेथील वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. पुढे तिबेट, नेपाळ, सोनौली व गोरखपूर करीत काशी गाठता येते. म्हणून गाडी घेण्यापूर्वी वाट निश्चित करावी. परदेशी रहिवाशाच्या नावे गाडी नोंदली जाईल का, ते आधी विचारावे. नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडावेत. जर्मनीतील गाडीचे चाक डाव्या हाताला असते, आणि नेपाळपासून वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तेव्हा पुढच्या वाहनाला ओलांडताना शेजारच्याची नजर वापरावी.

हे सारे मी तिला लिहीनच. पण पत्राच्या आरंभी तिने न विचारलेला प्रश्न मी घालणार आहे : तुझा जामीनदार कोण? जुनी गाडी घेणारा पत्रा पाहतो, इंजिन पाहतो, किंमत करतो. ती किंमत या प्रवासातला सर्वांत लहान आकडा असतो. मोठा आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी ठेवीवर लिहिलेला असतो, आणि तो माणूस घरी बसून तुझ्या प्रत्येक शिक्क्याची वाट पाहत असतो.

आणि शेवटी लिहीन : ‘बाळ, दुसरे कोणी नसेल, तर ती रक्कम मी भरीन. काशीला ये. मी मुन्शी घाटावर असेन. मात्र येताना परतीचा दिवस ठरवून ये.’