फणीतले केस

कोकणातल्या आमच्या घरी दिवेलागणीच्या आत केस विंचरून व्हायला हवेत, असा आजीचा दंडक होता. ओटीच्या पायरीवर ती, तिच्या पुढ्यात आम्ही मुली, आणि हातात दोन्हीकडून बारीक दात्यांची लाकडी फणी. दात्यांत अडकलेले केस ती बोटाभोवती गुंडाळून त्यांची गुंडी करी. केस घरभर झाले की अन्नात जातात, पोटात जातात, म्हणून ही शिस्त. शेजारी घरची भाटी, म्हणजे मांजरी, स्वतःला चाटत बसलेली असे. तिला कुणी विंचरत नसे. ती उंदीर खाई, मासळीची डोकी खाई, अंगणातली हरळी चावून माडाच्या आळ्यात ओकून मोकळी होई.

पुढे आईची प्लास्टिकची फणी आली, हॉस्टेलवर माझी स्वतःची आली. आता घरात एक स्टीलची फणी आहे, आणि ती आहे माझ्या मांजरीची, मिनूची.

मिनू लांब केसांची, फ्लॅटमध्येच वाढलेली. तिची उबळ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा घाबरले. मान लांब, पोट आत ओढलेलं, घशातून खर्रखर्र. बाहेर पडली ती बोटभर लांब, ओली, करड्या केसांची वळकटी. तिला गोळा म्हणतात खरं, पण अन्ननलिकेतून येताना ती अशी लांबट होते.

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले कडक काटे असतात. त्यांत अडकलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शीतून जातात. पण पाणी कमी पडलं की शी खड्यासारखी होते, मांजर ट्रेमध्ये कुंथत बसतं आणि केसही आतच रेंगाळतात. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यामुळे त्याला तहान मुळात कमी. कोरड्या खाण्यात जेमतेम दहा टक्के पाणी, ओल्या खाण्यात पाऊणभर. दुखणं इथे आहे, म्हणून औषधाच्याही आधी मी पाणी बघते.

मिनूचे खाण्याचे नखरे भारी. केसांसाठी मिळणारी माल्टची पेस्ट तिने हुंगून सोडून दिली. ती मी पुढच्या पंजावर चोपडते. पंजा बरबटलेला तिला खपत नाही, ती चाटून टाकते. वाफवलेला लाल भोपळा तसाच दिला तर ती बघतही नाही. मांजराला गोड चव कळतच नाही, त्याचं खाणं वासावर चालतं. म्हणून मासा बिनमिठाचा उकडायचा, कांदा-लसूण अजिबात नाही, आणि त्या कोमट पाण्यात अर्धा चमचा भोपळा पुरता विरघळवायचा. वाटी चाटूनपुसून लख्ख होते. भूक लागली की खाईल, असा हट्ट मात्र मांजराशी करू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून अंगाने भरलेलं असलं, तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेततं.

आणि रोज फणी. मानेपासून शेपटीकडे, पोटाखाली हलक्या हाताने. फणीतले केस मीही बोटाभोवती गुंडाळते. त्या गुंडीएवढे केस तिच्या पोटात गेले नाहीत, याचं मला खरोखर समाधान वाटतं.

मांजर पाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तोंड उघडून तेल किंवा एरंडेल ओतू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. माणसांचा एनिमा देऊ नका, त्यातल्या फॉस्फेटने मांजर मरू शकतं. नुसती उबळ येते आणि काहीच पडत नाही, खाणं सुटलंय किंवा दोन दिवस शी नाही, तर डॉक्टरकडे न्या. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा कुंथत असेल तर आधी लघवी होतेय का ते पाहा. ती अडली असेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच घटकेला निघा.