अंगण वाकडं, की पाऊल?

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण लेकीसुनांना पुष्कळदा ऐकवतो. पोळ्या वातड झाल्या की गहू वाईट, दही लागलं नाही की दूध पाणचट! पण ही सवय फक्त स्वयंपाकघरात नाही बरं का. कॉम्प्युटरचे मोठमोठे प्रोग्राम विकणारी मंडळीही हेच करतात. 'आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?' असं म्हणून पान उलटू नका. बचत गटाचा हिशेब, मुलांचे गुण, पतपेढीतली ठेव, सगळं आता त्या यंत्रातच असतं.

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. परीक्षेचे गुण आम्ही शाळेतल्या कॉम्प्युटरवर भरतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी आठवीच्या एका तुकडीचे गुण भरले. पडद्यावर 'सेव्ह झाले' असं ठसठशीत उमटलं. दुसऱ्या दिवशी पाहते तो काय, २१ मुलींच्या नावांपुढचे रकाने कोरे! त्यांतल्या एकीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची ती शेवटची तारीख. प्रोग्राम पुरवणाऱ्यांना फोन केला, तर म्हणाले, "मॅडम, आमचा प्रोग्राम चोख आहे. खालची ऑपरेटिंग सिस्टीम बिघडली असेल." कॉम्प्युटर देणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "सिस्टीम ठणठणीत आहे, प्रोग्रामवाल्यांना विचारा." दुपारपर्यंत हीच टोलवाटोलवी. शेवटी माझ्या कागदी वहीवरून गुण पुन्हा भरले आणि अर्ज गेला. पण वही नसती तर? त्या मुलीचे वडील रिक्षा चालवतात. तिची शिष्यवृत्ती या दोघांपैकी कुणी भरून दिली असती?

माझा भाचा पुण्याला याच क्षेत्रात नोकरी करतो. दिवाळीला आला तेव्हा त्याला गाठलंच. तो हसून म्हणाला, "मावशी, हे भांडण तुमच्या शाळेपुरतं नाही गं. जगभर चालतं." मग त्याने समजावून सांगितलं, ते माझ्या भाषेत सांगते.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राच्या घरची कारभारीण. जागा वाटून देणं, सामान फडताळात ठेवणं, हे तिचं काम. डेटाबेस म्हणजे नोंदी ठेवणारा दिवाणजी. तो बहुधा स्वतः फडताळ उघडत नाही, कारभारणीकडे सामान सोपवतो. ती ते आधी ओट्यावर ठेवते आणि सवडीने आत लावते. मधेच वीज गेली तर ओट्यावरचं सगळं गेलं! म्हणून दिवाणजीने विचारायचं असतं, "खरंच आत ठेवलंस ना?" या प्रश्नाला 'एफसिंक' म्हणतात. 'हो' आलं, की मगच नोंद पक्की म्हणायची.

पोस्टग्रेस नावाचा एक डेटाबेस जगभर वापरतात, आणि लिनक्स ही तशीच प्रसिद्ध ऑपरेटिंग सिस्टीम. २०१८ मध्ये या दोघांमधली एक गफलत उजेडात आली. सामान आत ठेवताना काही बिघडलं, तर लिनक्स एकदाच 'जमलं नाही' म्हणे आणि विषय मिटवून टाके. पोस्टग्रेसची समजूत अशी, की पुन्हा विचारलं म्हणजे ती पुन्हा ठेवून पाहील. दुसऱ्यांदा विचारल्यावर मात्र 'सगळं ठीक' असं उत्तर येऊ शके, आणि नोंद तर हरवलेली! ही समजूत सुमारे २० वर्षं तशीच चालत आली होती.

साहजिकच लिनक्सवर पुष्कळ राग निघाला. पण तिच्या बाजूनेही बोलणारे होते. समजा, कुणी पेन ड्राइव्ह मधेच उपटून नेला, तर त्याच्यासाठीचं सामान ओट्यावर किती दिवस मांडून ठेवायचं? ओटा अडला तर बाकीची कामं कशी व्हायची? म्हणजे अंगण थोडं वाकडं होतं खरं, आणि लिनक्सने आपल्या बाजूनेही थोडी डागडुजी केली. पण मला आवडलं ते पुढचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने आपली रीतच बदलली. आता एकदा 'जमलं नाही' ऐकलं, की तो काम थांबवतो आणि आपल्या रोजकीर्दीवरून नोंदी पुन्हा उभ्या करतो. अंगण सरळ होण्याची वाट पाहत बसला नाही.

दुसरी गोष्ट तर आणखी मजेची. २०११ मध्ये लिनक्समध्ये एक सोय आली. यंत्राच्या स्मरणातली जागा एरवी ४ किलोबाइटच्या तुकड्यांत मिळे, ती आपोआप २ मेगाबाइटच्या तुकड्यांत मिळू लागली. वाटीवाटीने तांदूळ देण्याऐवजी एकदम पोतं म्हणा ना! काही डेटाबेस मात्र जागा इथे थोडी, तिथे थोडी अशी वापरत. त्यांची पोती अर्धी रिकामी राहत आणि कामही रेंगाळे. मोंगोडीबी हा त्यांतलाच एक. ही सोय बंद ठेवा, असं त्याच्या मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षं सांगितलेलं असे. २०२४ मध्ये त्याची आठवी आवृत्ती आली, तिच्यात जागा वापरण्याची पद्धत सुधारली, आणि त्या आवृत्तीसाठीची सूचना काय? तर हीच सोय चालू ठेवा! पाऊल बदललं आणि अंगण सरळ झालं.

मैत्रिणींनो, दोष कुणाचा हे शोधायला हरकत नाही. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. पण शिंपिणीची सुई मोडली, तरी ठरल्या दिवशी ब्लाउज द्यायचा तिनेच ना? तसंच पडद्यावर 'सेव्ह झाले' असा शब्द ज्याने दिला, तो पाळायचाही त्यानेच.

तेव्हा तुमच्या बचत गटासाठी, क्लाससाठी किंवा यजमानांच्या दुकानासाठी असा प्रोग्राम घ्यायची वेळ आली, तर ३ प्रश्न जरूर विचारा. 'सेव्ह झाले' दिसल्यावर लगेच वीज गेली तर नोंद राहील का? जादा प्रत रोज कुठे ठेवली जाते, आणि तिच्यावरून माहिती परत आणून दाखवाल का? आणि चूक कुणाचीही असो, धावून कोण येणार? हे तिसरं उत्तर तोंडी घेऊ नका, बिलावर लिहून घ्या. विकणारा जरा चुळबुळ करील, करू द्या. आपण भाजीवाल्याकडेसुद्धा वांगं उलटंपालटं करून बघतोच की!