बौद्धनाथच्या दुकानातला ढोल

काठमांडूला पशुपतिनाथाचं दर्शन झालं, की पावलं आपोआप जवळच्या बौद्धनाथकडे वळतात. भला थोरला पांढरा स्तूप, चारी दिशांना बघणारे रंगवलेले डोळे आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर दुकानंच दुकानं! १९५९ नंतर तिबेटमधून आलेली अनेक कुटुंबं याच भागात स्थिरावली. २०१५ च्या भूकंपात स्तूपाच्या शिखराला तडे गेले होते. २०१६ मध्ये दुरुस्ती पुरी झाली.

पोवळ्यांच्या आणि पिरोजाच्या माळा बघता बघता एखाद्या दुकानात भिंतीवर टांगलेला ढोल दिसेल. दोन्ही बाजूंना कातडं, खाली खिळ्यासारखी निमुळती होत गेलेली कोरीव लाकडी मूठ आणि सोबत वेताची वाकडी छडी. दुकानदार सांगेल, “तिबेटी मांत्रिकाचा, फार जुना!”

खरं तर हा बहुतेक वेळा नेपाळच्या डोंगरातल्या झांक्रीचा ‘ढ्यांग्रो’ असतो. तामांग लोक झांक्रीला ‘बोम्बो’ म्हणतात. गावात कुणी आजारी पडलं, की मोरपिसांचा मुकुट आणि घंटांच्या माळा घालून तो रात्रभर ढ्यांग्रो वाजवतो. हळूहळू अंग थरथरू लागतं. आपल्याकडे अंगात येतं म्हणतात, तसंच! मूठ तिधारी असते. भूतबाधा खिळून टाकणाऱ्या ‘फुर्बा’ या धार्मिक खिळ्याचंच ते रूप. तिबेटी लोकांत हे काम बायकाही करतात बरं का! ‘ल्हामो’ म्हणतात त्यांना. त्यांच्या एका हाती डमरू, तर दुसऱ्या हाती घंटा.

आता प्रश्न येतो विकत घेण्याचा. दिवाणखान्यात शोभेल, असं मनात येतंच. पण मैत्रिणींनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे, नवं लाकूड धुरावर धरून जुनं भासवणं काही कठीण नाही. खऱ्या वापरातल्या ढोलाची मूठ हाताच्या पकडीपाशीच गुळगुळीत झालेली असते, कातडं छडी बसते तिथेच काळवंडलेलं असतं. सगळीकडे सारखाच काळेपणा दिसला, तर समजून घ्यावं. दुसरी गोष्ट म्हणजे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय नेपाळबाहेर नेता येत नाही. म्हणजे ढोल खोटा असेल तर पैसे फुकट, आणि खरा असेल तर कायद्याची अडचण!

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी मनाला विचारून पाहा. मुलं शिकून शहरात किंवा आखातात गेली, वाजवणारं कुणी उरलं नाही, की असा ढोल खुंटीवरून बाजारात येणारच. आपल्या गोंधळ्याचं संबळ कुणा परक्याच्या भिंतीवर दिसलं, तर आपल्याला काय वाटेल? आठवण हवीच असेल, तर नव्या कारागिराचा छोटा ढोल नवा म्हणूनच घ्यावा. त्याच्या घरची चूलही पेटेल.

ढ्यांग्रो ऐकायचाच असेल, तर आपल्या नारळी पौर्णिमेला जा. तिकडे ती ‘जनै पूर्णिमा’. त्या दिवशी पाटणच्या पाच मजली कुंभेश्वर मंदिरात झांक्री ढोल वाजवत नाचत येतात. मनगटाला दोरा बांधतात आणि घरोघरी ‘क्वाँटी’ शिजते, म्हणजे नऊ कडधान्यांना मोड आणून केलेली पातळ उसळच! दिवस पावसाचे असतात, तेव्हा छत्री विसरू नका. भिंतीवरचा ढोल मुका असतो. इथला मात्र बोलतो.